काचेच्या तळाची होडी

बार्शीकडच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. गावातल्या अकरा कुटुंबांनी मिळून दोन वर्षे भिशी लावली, पैसा साठवला, आणि आता संक्रांत झाली की मंडळी अंदमानला निघणार. कार्यक्रमात एक अख्खा दिवस होडीने बेटे फिरण्याचा आहे. पुढे त्या लिहितात, "सासूबाई म्हणतात, मी होडीत पाय ठेवायची नाही. मला लॉजवर ठेवा आणि तुम्ही जाऊन या. त्यांचे वय पासष्ट. आमच्यापैकी दोघातिघांनाच पोहता येते, तेही विहिरीतले. सासूबाईंना ठेवून जावे, की सगळ्यांनीच तो दिवस सोडावा?"

ताई, दोन्ही करू नका. सासूबाईंना बरोबर घ्या. त्यांची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नका, कारण ती अगदीच अनाठायी नाही. तिच्याविषयी पुढे लिहिते. आधी हे पाहू, की तुमच्या कार्यक्रमातला तो दिवस नेमका कोणता आहे.

अंदमानच्या मुख्य गावाला २०२४ पर्यंत आपण पोर्ट ब्लेअर म्हणत होतो, आता त्याचे नाव श्री विजयपुरम झाले आहे. तिथून होडीचे दोन तऱ्हेचे दिवस निघतात. एक जवळचा. गावातल्या ॲबरडीन धक्क्यावरून होडी सुटते, समोरच्या रॉस बेटावर नेते आणि मग नॉर्थ बेला. रॉसचे नावही २०१८ साली बदलून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे झाले. इंग्रजांचा कारभार इथून चाले. १९४१ च्या भूकंपाने बेट हादरले, पुढल्याच वर्षी जपानी आले. आता साहेबांच्या बंगल्यांच्या आणि चर्चच्या भिंतींना झाडांच्या मुळ्यांनी मिठी मारली आहे आणि मधून हरणे हिंडतात. नॉर्थ बेचे दीपगृह तर तुमच्या घरातही असेल. जुनी तांबूस वीस रुपयांची नोट उलटी करून पाहा, नारळाच्या झाडांमागे ते दिसते. हा दिवस वाईट नाही, पण गर्दीचा आहे.

दुसरा दिवस वंडूरचा. गावापासून २५-३० किलोमीटरवर वंडूर म्हणून जागा आहे, तिथे मोटारीने जायचे आणि तिथल्या धक्क्यावरून होडीत बसायचे. १९८३ साली सरकारने इथली पंधरा-एक बेटे आणि भोवतालचा समुद्र राखीव केला. त्याचे नाव महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान. सगळे मिळून सुमारे २८१ चौरस किलोमीटर, त्यातही बहुतेक पाणीच. एवढ्या पसाऱ्यात आपल्यासारख्यांना उतरायला फक्त दोन बेटे: जॉली बॉय आणि रेडस्किन. बॉय म्हणजे पोरगा समजू नका, पाण्यावर खुणेसाठी तरंगत ठेवतात तो बोया. तुम्हांला एकच दिवस असेल तर माझे मत वंडूरला. सहलवाल्याला आजच विचारा की आमचा दिवस यातला कोणता, आणि तो सोमवारी तर ठेवला नाही ना. सोमवारी उद्यान बंद असते. वनखात्याचा परवाना लागतो, त्यासाठी प्रत्येकाचे ओळखपत्र हवे.

त्या मुलखात आपल्यापेक्षा तासाभराहून आधी उजाडते आणि संध्याकाळी पाच-सव्वापाचला दिवस मावळतो. त्यामुळे होड्या सकाळीच सुटतात आणि दुपार कलेपर्यंत परततात. गोठ्यात पहाटे चारला उठणाऱ्या बायांना याचे काही विशेष वाटायचे नाही, शहरातली मंडळी मात्र डोळे चोळत येतात.

धक्क्यावर पिशव्या तपासतात. प्लास्टिकच्या पिशव्या, वेफरची पाकिटे, फेकून द्यायच्या बाटल्या, काही म्हणून बेटावर नेऊ देत नाहीत. इथे आपल्या मंडळींची मान ताठ राहील. फडक्यात बांधलेली भाकरी, स्टीलच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी आणि पितळी फिरकीचा तांब्या यांना कुणी अडवत नाही. आणि हे सगळे न्यावेच, कारण जॉली बॉयवर चहाची टपरीसुद्धा नाही. बायकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. लघवीला वंडूरलाच जाऊन घ्यावे. बेटावरची सोय जेमतेमच समजून चालावे.

होडी सुटली की पहिला काही वेळ खाडीतला. दोन्ही कडांना खारफुटीचे रान, मुळ्या चिखलातून वर आलेल्या. पाणी संथ. मग बेटे विरळ होतात, पाण्याचा रंग हिरव्याचा निळा होतो आणि थोडे हेलकावे लागतात. तासाभराने जॉली बॉय येते. तिथे धक्का नाही. मोठी होडी लांबच थांबते आणि लहान होड्यांतून माणसांना किनाऱ्यावर नेतात. या लहान होड्यांच्या तळाला जाड काच बसवलेली असते. दोन्ही बाजूंच्या बाकांवर बसायचे आणि मध्ये पायांपाशी वाकून पाहायचे.

सासूबाईंना ज्यासाठी न्यायचे ते हे. पोहायला नको, भिजायला नको, लुगडे सावरत बसल्या बसल्या समुद्राचा तळ दिसतो. पाणी नितळ असेल, आणि जानेवारीत ते बहुधा असतेच, तर काचेखालून एखादे परड्यातले रान सरकत जावे तसे दिसते. झुडपासारख्या फांद्या, कोबीच्या गड्ड्यासारखे गोळे, मेंदूसारख्या वळ्या असलेले धोंडे. त्यांच्यातून निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे. होडीवाला बोट दाखवून नावे सांगत असतो, ती ऐकून लगेच विसरली तरी चालतील.

हे झाड नाही आणि धोंडाही नाही, हे तेवढे विसरू नये. हे प्रवाळ, म्हणजे आपण ज्याला पोवळे म्हणतो त्या जातकुळीतले. अंगठीतले लाल पोवळे त्याच्या चुलत घराण्यातले, ते बहुतेक दूरच्या भूमध्य समुद्रातून येते. प्रवाळ हा प्राणी आहे. तांदळाच्या दाण्याएवढे, फार तर मटाराएवढे असे हजारो जीव एकाला एक चिकटून राहतात आणि आपल्या खाली चुनखडीचे घर बांधत जातात. त्यांच्या अंगात एक सूक्ष्म शेवाळ वस्तीला असते. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी उपटून पाहिल्या आहेत ना? त्या गाठींतले जंतू हरभऱ्याला नत्र देतात आणि हरभरा त्यांना खायला देतो. अगदी तसाच हा व्यवहार. शेवाळ उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते, प्रवाळ त्याला निवारा देतो. म्हणून प्रवाळाला स्वच्छ पाणी लागते आणि ऊन लागते. गढूळ पाण्यात तो उपाशी मरतो.

त्याची वाढ किती सावकाश, ते ऐका. फांद्यांचा असतो तो वर्षाला चार बोटे वाढेलही, पण गोलसर धोंड्यासारखा असतो तो वर्षाला सेंटीमीटरभर, पुष्कळदा त्याहूनही कमी. काचेखाली बैलगाडीच्या चाकाएवढा एखादा गोळा दिसला, तर सासूबाईंना सांगा, हा तुमच्याच वयाचा, किंवा तुमच्याहून वडील. आणि कुणी नवशिक्या पोहणारा दम लागला म्हणून त्यावर पाय देऊन उभा राहिला, की त्या जागचे जीव चिरडतात. पन्नास वर्षांचे काम एका टाचेखाली जाते.

म्हणून तिथे पाळी लावली आहे. वर्षातले साधारण सहा महिने जॉली बॉय उघडे, नोव्हेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत. मग ते बंद करून रेडस्किन उघडतात. गायरानाचे दोन भाग करून एकात गुरे सोडावीत आणि दुसऱ्यात गवत वाढू द्यावे, अशातली ही गोष्ट. ज्यांनी गावात चराईबंदी पाळून डोंगर हिरवा केला, त्यांना यातले मर्म समजावून सांगायला नको. तुम्ही जानेवारीत जाल तेव्हा जॉली बॉयची पाळी असेल.

पाळी न लावल्याने काय होते, त्याचे उदाहरण अंदमानच्या समुद्रापलीकडे थायलंडात घडले आहे. तिथे फी फी नावाच्या बेटांत माया बे म्हणून एक चिमुकला किनारा आहे, तिन्ही बाजूंनी उभे कडे आणि आत पांढरी वाळू. २००० साली एका इंग्रजी सिनेमात तो दिसला आणि जग तिकडे लोटले. दिवसाला पाच पाच हजार माणसे येऊ लागली, शेकडो होड्या त्या लहानशा वाटीत घुसून नांगर टाकू लागल्या. बहुतेक प्रवाळ मेला. अखेर २०१८ च्या जूनमध्ये सरकारने किनारा साफ बंद केला. होडीवाल्यांनी, लॉजवाल्यांनी ओरड केली, आणि त्यांचेही पोट त्यावरच होते, त्यांना नावे ठेवता येत नाहीत. तरी साडेतीन वर्षे तो बंद राहिला. त्या काळात शास्त्रज्ञांनी तिथे प्रवाळाच्या फांद्या लावल्या, आपण उसाचे बेणे लावतो तशा, आणि काळ्या टोकाचे लहान शार्क मासे आपणहून परत आले. २०२२ च्या जानेवारीत किनारा पुन्हा उघडला तो अटींवर. होड्यांनी मागच्या बाजूने यायचे, माणसे मोजून सोडायची, पाण्यात पोहायचे नाही. आणि दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात पुन्हा बंद. तिथल्या होडीवाल्यांचा धंदा आज चालू आहे तो या बंदीमुळेच, असे मला वाटते.

तरी एक गोष्ट कुठल्याही पाळीने टळत नाही. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा अंशभराने जास्त तापले आणि ते काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या अंगातले शेवाळ टाकून देतो आणि पिकावर केवडा पडावा तसा, किंबहुना त्याहून पांढराफटक होतो. लवकर निवले तर सावरतो, नाही तर मरतो. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ साली असे घडले. २०१० चा तडाखा मोठा होता. म्हणून काचेखाली मधून मधून करड्या, शेवाळलेल्या, मेलेल्या फांद्यांचे ढीग दिसतील. होडीवाला त्यावरून झटकन पुढे नेतो. त्याला थांबायला सांगा आणि तेही पाहा. पैसे दिले म्हणून सगळे रंगीतच दिसले पाहिजे, असे नाही.

आता सासूबाईंच्या भीतीचे. आपल्या आजी-पणजीच्या तोंडी अंदमान म्हणजे काळे पाणी. १९११ च्या जुलैत तात्याराव सावरकरांना तिथे नेले, त्यांचे थोरले बंधू बाबारावही तिथल्याच तुरुंगात होते, आणि किती तरी घरांतली माणसे गेली ती परतली नाहीत. तो तुरुंग तुम्ही संध्याकाळी पाहालच. पण ही भीती जुनी झाली. होडीची भीती आजची आहे. २६ जानेवारी २०१४ ला रॉस आणि नॉर्थ बेच्या दरम्यान सहलीची एक होडी बुडाली आणि वीसहून अधिक माणसे गेली. होडीत बसवता येतील त्याहून कितीतरी जास्त माणसे बसवली होती. आपल्या मुंबईत १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या होडीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि डझनाहून अधिक जीव गेले. तेव्हा सासूबाई म्हणतात त्यात तथ्य आहे.

पण यातून घरी बसणे निघत नाही, काळजी घेणे निघते. वडापच्या जीपमध्ये आपण पंधरा माणसे कोंबतो आणि दोघे मागे लोंबकळतात. ही सवय धक्क्यावरच ठेवून यायची. होडीवर किती माणसे चढवायची तो आकडा लिहिलेला असतो. तो वाचा, डोकी मोजा, आणि एक जरी जास्त असले तरी तुमच्या अकरा कुटुंबांनी मिळून सांगा, आम्ही चढणार नाही. अकरा कुटुंबांचा आवाज होडीवाला ऐकतो, एकट्यादुकट्याचा ऐकत नाही. दुसरे, लाइफ जॅकेट. विहिरीत पोरांना शिकवताना पाठीला सुका भोपळा नाही तर डबा बांधतात, त्याचेच हे शहाणे भावंड. ते धक्क्यावर अंगात घालायचे, सगळे बंद आवळायचे आणि परत धक्क्यावर येईपर्यंत काढायचे नाही. गरम होते, घाम येतो, फोटो चांगला येत नाही, या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि तिन्ही सोडून द्यायच्या. घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून कुणीतरी वर ओढून पाहावे. हनुवटीच्या वर सरकले तर माप मोठे आहे. लहान मुलांना मोठ्यांचे जॅकेट घालणे म्हणजे न घालण्यासारखेच. तिसरे, मासा दिसला म्हणून सगळ्यांनी एका कडेला धावायचे नाही. बैलगाडी एका अंगाला कलते तशी होडीही कलते, फक्त तिथे खाली जमीन नसते.

ज्यांना विहिरीत पोहता येते त्यांनाही सांगते. खारे पाणी अंग वर उचलते म्हणून सोपे वाटते, पण विहिरीला ओढ नसते, समुद्राला असते. दाखवतील तेवढ्याच जागेत उतरावे. तोंडात नळी धरून, डोळ्यांवर काच लावून पाण्यात पाहण्याची सोय असते. पोहता न येणाऱ्यालाही होडीवाला रबरी चाकाला धरून ओढत नेतो. हौस असेल त्यांनी जरूर करावे. वंडूरच्या किनाऱ्यावर मात्र मगरींचे इशारे लावलेले आहेत, तिथे गुडघाभर पाण्यातसुद्धा जाऊ नये. प्रवाळाची खरचट चिघळते आणि लवकर भरत नाही, तेव्हा मधुमेह असलेल्यांनी उघड्या पायांनी पाण्यात हिंडू नये.

लुगडे-साडी नेसून काचेच्या होडीत बसायला हरकत नाही, पाण्यात उतरायचे असेल तर नको. ओली साडी पायांना गुंडाळते. त्या दिवसापुरता सलवार-कमीज घालावा, सुनेचा सासूला येत नसेल तर एक शिवून घ्यावा. मंगळसूत्र ज्याचे त्याने ठरवावे, बाकी सोने घरीच. उन्हाचे आपल्याला काय, असे शेतातल्या माणसाला वाटते. पण पाण्यावर ऊन वरूनही लागते आणि खालूनही. लांब बाह्यांचा सुती सदरा आणि डोक्याला पटका किंवा पदर, यासारखे दुसरे औषध नाही.

मळमळीचे म्हणाल तर उपाशी बसू नये आणि पोटभर तेलकट खाऊनही बसू नये. थोडी कोरडी भाकरी, आल्याची वडी तोंडात. होडीच्या मध्याजवळ, इंजिनाच्या धुरापासून दूर बसावे आणि नजर लांब, आभाळ-पाणी मिळते तिथे ठेवावी. ज्यांना एस.टी.त घाटात होते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधीच घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. सासूबाईंची रक्तदाबाची गोळी असेल तर ती होडीच्या गडबडीत चुकवू नका.

हवा बिघडली म्हणून होडी सोडली नाही, तर वाद घालू नका. पैसे परत मिळण्याबद्दल सहलवाल्याकडून आधीच लिहून घ्या, म्हणजे तिथे धक्क्यावर जीव आणि पैसा यांची तुलना करायची वेळ येत नाही.

येताना शंख, शिंपले, प्रवाळाचा तुकडा पदरात बांधून आणायचा मोह होईल. नातवंडांना दाखवायला म्हणून. तो आवरा. प्रवाळाला कायद्याने वाघाइतकेच संरक्षण आहे, विमानतळावर सामान तपासतात आणि म्हाताऱ्या माणसाची फजिती होते. किनाऱ्यावरची ती पांढरी वाळूसुद्धा पुष्कळशी प्रवाळाचाच चुरा आहे. पोपटासारख्या चोचीचा एक मासा प्रवाळ कुरतडतो आणि त्याची वाळू करून मागे टाकतो, आपल्या गांडुळांसारखा.

ज्यांच्या भिशीत अंदमान बसत नाही, त्यांनी मालवण विसरू नये. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रातही प्रवाळ आहे, १९८७ पासून तो भाग सागरी अभयारण्य आहे, आणि तिथेही होडीवाले पाण्याखालचे दाखवतात. अंदमानइतके नितळ पाणी नसते. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा दिवाळीनंतर जावे.

ताई, वंडूरहून परतताना एक करा. वाटेत सिप्पीघाट लागतो, तिथे पाच मिनिटे गाडी थांबवायला सांगा. सहलवाले तिथे थांबत नाहीत, कारण पाहण्यासारखे काही नाही असे त्यांना वाटते. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात अंदमानचे उत्तरेचे टोक वर उचलले गेले, तिथले प्रवाळ पाण्याबाहेर येऊन वाळून मेले. आणि दक्षिणेची जमीन सुमारे मीटरभर खचली. सिप्पीघाटची भातखाचरे त्यात खाली गेली. त्सुनामीची लाट आली आणि ओसरली, पण या खाचरांत भरतीचे पाणी येत राहिले. जिथे भात होत होता तिथे पाणी उभे आहे आणि त्यात बगळे फिरतात. ते पाहून तुमच्यातली पुरुषमंडळी नक्की विचारतील की या शेतकऱ्यांचे पुढे काय झाले. हिंदी तिथे सगळ्यांना येते. ड्रायव्हरला विचारा, रस्त्याकडेच्या दुकानदाराला विचारा, आणि जे कळेल ते मला पत्राने कळवा.